जीपच्या मागच्या धुऱ्याचं रडगाणं

आमच्या घरात जीपवरून दोन पक्ष होते. एका पक्षात बाबा आणि जीप, दुसऱ्या पक्षात एकटी आई. मी मधली. मधल्या माणसाला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात, तशी मी खात होते. नव्या रायपूरच्या ऑफिसात दिवसभर साहेबांचं ऐकून चौबे कॉलनीतल्या घरी यावं, तर चहाचं आधण उकळायच्या आत जीपचा विषय उकळायला लागलेला असायचा.

जीप बाबांनी रिटायर व्हायच्या काही वर्षं आधी एका सरकारी लिलावात घेतली. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. मूळचे आम्ही वर्धेकडचे. नोकरीनं इकडं आणलं, आधी ब्राह्मणपाऱ्यात भाड्यानं राहिलो, मग इथं घर बांधलं. घर झाल्यावर माणूस सोफा घेतो, बाबांनी जीप घेतली. जुनी, टपावर ताडपत्री, दार लावताना अख्खी कॉलनी दचकेल अशी. पण चारही चाकांनी ओढणारी. बाबांना तेच हवं होतं, कारण धमतरी रस्त्यावरून आत गेलं की एका नाल्यापलीकडं त्यांची छोटीशी आमराई आहे, आणि त्या नाल्यात आमची कार घातली तर ती काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आम्ही एकदा बोलावला होता. त्या दिवशी मी नवीन सँडल घातले होते, त्याबद्दल मी आजही बोलू इच्छित नाही.

दर शनिवारी सकाळी बाबा आमराईत जायचे आणि संध्याकाळी मातीनं माखून, खुशीत परत यायचे. बाकीचे दिवस ते त्या शनिवारच्या तयारीत घालवायचे. म्हणजे जीप गेली की आमराई गेली, आणि आमराई गेली की बाबा टीव्हीसमोर. वर्कशॉपमधले त्यांचे काही मित्र असे टीव्हीसमोर बसले आणि पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत पार वाकून गेले, हे आम्ही पाहिलेलं होतं. म्हणून मला ती जीप कितीही खटारा वाटली तरी ती जायला नको होती.

आणि ती जायची वेळ आली ती आवाजामुळं. हिवाळ्यात कधीतरी जीप मागच्या बाजूनं रडायला लागली. गाडीनं जरा वेग घेतला की मागून बारीक ‘ऊंऽऽ’ सुरू. अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, पाय उचलला की उतरायचा. पुढं पुढं गिअर बदलताना खालून ‘खट्’ असा टोलाही बसायला लागला. शनिवारी संध्याकाळी जीप कॉलनीच्या कोपऱ्यावर वळली की घरात बसून कळायचं, बाबा आले.

आईनं एका शनिवारी निकाल देऊन टाकला. “एक तं तो आवाज बंद करा, नाही तं जीप विका.” गिऱ्हाईकही तिनंच शोधलं. समता कॉलनीतला एक हॉटेलवाला ही जीप हॉटेलच्या दारात शोभेला उभी करणार होता. इंजिन काढून टाकायचं, बॉनेटमध्ये माती भरून झेंडू लावायचे आणि लोकांनी तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायचे. तो पुढच्या सोमवारी बघायला येणार होता. बाबांनी हे ऐकलं आणि ताट अर्धं सोडून उठले. झेंडू त्यांच्या जिव्हारी लागले होते.

मी म्हटलं, बाबा, आवाज दुरुस्त करून घेऊ, म्हणजे विषय मिटेल. तर बाबा म्हणाले, “कसला आवाज?”

मला वाटलं थट्टा करताहेत. मग वाटलं, हट्ट करताहेत. आवाज आहे असं कबूल केलं तर जीप विकावी लागेल म्हणून हा साळसूदपणा. मी त्यांना शेजारी बसवून रिंग रोडवर फेरी मारली. मागून ते रडगाणं सुरू, माझे कान किटलेले, आणि बाबा समोर बघत म्हणतात, गाडी काय मस्त चालून राहिली. मग मी मोबाइल मागच्या सीटखाली ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि घरी आणून त्यांच्या कानाला लावला. त्यांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घालून ऐकला, फोन मला परत दिला आणि तुझ्या फोनमध्येच काहीतरी बिघाड आहे म्हणून सांगितलं. मला इतका राग आला की रात्री मी त्यांच्याशी न बोलता जेवले. त्यांच्या ते लक्षात आलं नाही, त्याचा आणखी राग आला.

शेवटी मी जीप आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं नेली. बाबाही आले. मिस्त्री बाबांचा भक्त. त्याच्या उस्तादानं काम शिकलं ते बाबांकडून, तेव्हा बाबा त्याचे आजेगुरू लागतात, आणि तो त्यांना खाली वाकून ‘बाबूजी’ म्हणतो. बाबांचं नाव वर्कशॉपमध्ये झालं होतं ते त्यांच्या कानामुळं. चालू इंजिनावर ते लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते खोलायच्या आत सांगायचे. तोच पेचकस त्यांनी या दिवशी काढला. मिस्त्रीनं मागची चाकं उचलून गाडी गिअरमध्ये घातली, बाबा खाली शिरले, इथं टेकव तिथं टेकव केलं आणि बाहेर येऊन गुडघे झटकत म्हणाले, गिअरबॉक्स.

मिस्त्रीनं लगेच होकार भरला, “हव बाबूजी.”

झालं. गिअरबॉक्स उतरवला गेला. तेल काढलं, झाकण काढलं, एकेक दात पुसून पाहिला. सगळे ठणठणीत. तो परत बसवला, तेल भरलं, आणि जीप पुन्हा रस्त्यावर आली ती पहिल्यापेक्षा जोरात रडत. मी मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, की तुला मागून आवाज येत नव्हता का? येत होता. मग तू गिअरबॉक्स का उतरवलास? तर तो खाली बघत म्हणाला, “बाबूजी बोले थे न, दीदी.” आता या माणसाला काय म्हणावं. आमच्या या शहरात वडीलधाऱ्याचं बोलणं खोडायचं नाही म्हणून लोक चांगला गिअरबॉक्स उतरवतील. मी त्याला सांगितलं, रविवारी घरी ये, आणि बाबूजी काही म्हणाले तरी तुझे कान जे सांगतील तेच कर. त्यालाही मी हवच म्हणायला लावलं.

हॉटेलवाला सोमवारी येणार होता. रविवार एवढाच हातात होता.

मिस्त्री सकाळीच आला. अंगणात बदामाच्या झाडाखाली जीप उभी केली, मागची दोन्ही चाकं उचलली, खाली ठोकळे दिले. गाडीच्या पोटातून मागं जो लांब दांडा जातो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा, तो त्यानं दोन्ही हातांनी धरून मागंपुढं फिरवला. दांडा चांगला पाव वेढा फिरला तरी चाक ढिम्म हललं नाही, आणि मग ‘खट्’. गिअर बदलताना बसणारा टोला तो हाच. मग त्यानं मागच्या धुऱ्याच्या मधल्या गोळ्याखालचं तेलाचं बूच खोललं. काळं तेल ट्रेमध्ये उतरलं आणि उन्हात चमकायला लागलं. त्यानं त्यात चुंबक फिरवला, तर चुंबकाला लोखंडाची दाढी उगवली. आता मलासुद्धा कळलं असतं. डिफरेन्शियल खलास होतं.

डिफरेन्शियल म्हणजे काय ते मला त्या दिवशी बाबांनी फार प्रेमानं समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्याला घट्ट बांधलं तर वळणावर एक जण फरफटत जाईल. म्हणून मध्ये हा गोळा असतो, तो प्रत्येकाला त्याच्या त्याच्या चालीनं चालू देतो. त्यात एक मोठं दातांचं चक्र असतं, क्राऊन, आणि त्याला फिरवणारा छोटा पिनियन. ही दोघं एकमेकांशी घासून जोडीनंच जुळवलेली असतात, एक बदललं तर दुसरंही बदलावं लागतं. हे सांगताना त्यांचा चेहरा शनिवारसारखा झाला होता. गिअरबॉक्सचं निदान चुकलं होतं, तरी क्राऊनच्या झिजलेल्या धारदार दातांवरून बोट फिरवताना ते खुशीत होते. मला त्यांचा राग धरणं कठीण झालं.

मिस्त्रीनं टाटीबंधकडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून नवी जोडी आधीच आणून ठेवली होती, म्हणजे दुखणं कुठं आहे ते त्याला केव्हाच माहीत होतं. मी त्याच्याकडं पाहिलं, तो पान्यांकडं पाहायला लागला. दातांचा हिशेब पुढच्या धुऱ्याशी जुळतो की नाही तेही त्यानं तपासून घेतलं होतं. तो जुळला नाही तर नाल्यात चारही चाकं ओढायला लावली की पुढची आणि मागची आपसात भांडतात, आणि जीप मध्येच उभी राहते.

दुपारपर्यंत नवा क्राऊन-पिनियन आत बसला. आता राहिली शेवटची गोष्ट. दात एकमेकांना कुठं टेकतात ते बघायचं. दातांवर रंग लावायचा, हातानं फिरवायचं, आणि रंग कुठून पुसला जातो ते पाहायचं. मधोमध पुसला तर ठीक. काठावर पुसला तर गाडी पुन्हा महिन्याभरात रडणार. मिस्त्रीनं त्याची निळ्या रंगाची ट्यूब काढली, तर ती सुकून दगड झालेली. रविवार, दुकानं बंद. तो म्हणाला, “बंदन होही त घलो चल जाही, बाबूजी.” बंदन म्हणजे आपला शेंदूर, तो असला तरी चालेल म्हणत होता. तेलात कालवून लावला तर दाताला छान धरतो.

बाबा उठले, घरात गेले आणि आईची मारुतीच्या शेंदराची डबी घेऊन आले. आई दर शनिवारी ब्राह्मणपाऱ्यातल्या मारुतीला जाते, त्यासाठीची ती डबी. कालवायला त्यांनी तिची पूजेची वाटीही आणली. मी म्हटलं, बाबा, विचारलंत का? ते वाटीत तेल ओतायला लागले होते.

शेंदूर कालवला गेला. मिस्त्रीनं क्राऊनच्या दातांना ब्रशनं लावला आणि दांडा हातानं फिरवला. दोघं डोकं खाली घालून बघू लागले. मिस्त्रीला ठीक वाटलं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक दाताला लागेल इतके जवळ गेले आणि सांगितलं की टोकाकडं लागतंय, पिनियन केसभर आत पाहिजे. पातळ पत्र्याची एक चकती मागं घातली, पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवलं. या वेळी प्रत्येक दाताच्या बरोबर पोटावर लांबट स्वच्छ ठसा उमटला. मिस्त्रीनं बाबांच्या पायांना हात लावला. डोळ्यांनी बाबा अजून उस्तादच होते, आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिला तिची वाटी हवी होती. ती तोंड उघडून बोलणार, तर समोर जीपच्या पोटात लालभडक शेंदरानं माखलेलं ते गोल चक्र, वर दुपारचं ऊन. तिचे हात आपोआप जोडले गेले. जोडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हात जोडले, पण आता काय करणार. जोडलेले हात झटकून टाकता येत नाहीत.

मिस्त्रीनं चिंधी घेतली तर आईनं त्याला पुसू दिलं नाही. मारुतीचा शेंदूर, तो चिंधीनं पुसून गटारात? मिस्त्रीलाही ते पटलं. तसाच गोळा बंद केला, वरून नवं तेल भरलं. आई पायरीवर बसून राहिली. तिथूनच म्हणाली, “आता हे कोणाले विकता? शेंदूर लागला त्याले.” तिनं आपणच हॉटेलवाल्याला फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. त्यानं कारण विचारलं असावं, कारण ती म्हणाली, “धार्मिक आहे.”

बाबा नळावर हात धूत होते. मी जवळ जाऊन पाहिलं, तर गालातल्या गालात हसत होते. त्यांनी हे मुद्दाम केलं की काय, हे मी अजून विचारलेलं नाही. शेंदराच्या डबीकडं ते सरळ गेले होते, एवढं मात्र मी पाहिलं होतं.

मला वाटलं, जिंकलो. आईनं मात्र मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि उद्या सुट्टी घे, बाबा जीप आमराईकडं काढतील, तेव्हा तू बरोबर बस, असं सांगितलं. का, ते सांगितलं नाही. मी घेतली सुट्टी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमराईकडं निघालो. बाबा चालवत होते. शहर सुटलं, जीपनं वेग घेतला, आणि मागून काही नाही. वारा, ताडपत्रीची फडफड, इंजिनाची आपली जुनी कुरकुर, बस. गिअर बदलला, टोला नाही. मी इतकी खूश झाले की बाबांच्या खांद्यावर थाप मारली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या तोंडाकडं बघून तेही हसले.

आमराईचा फाटा उजव्या हाताला लागतो. बाबांनी हात दाखवला आणि वळवायला घेतली. त्याच वेळी मागून एक मोटरसायकल आम्हाला ओलांडत होती. तिचा बारीक हॉर्न मला केव्हाचा ऐकू येत होता, अगदी सतत, टीं-टीं-टीं करत, बाबांच्याच बाजूनं. मला वाटलं बाबा थांबतील. हॉर्न एवढा मोठा वाजतोय म्हटल्यावर कोण वळेल? बाबा वळले. मी ओरडून स्टिअरिंगला हात घातला. मोटरसायकल आमच्या बंपरला घासून मुरमात गेली, डगमगली, त्यावरच्या बाईनं पुढच्या माणसाची कंबर गच्च धरली, आणि पडता पडता ती सावरली. त्या माणसानं थांबून आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या आणि गेला. त्याच्या जागी मी असते तर जास्त दिल्या असत्या.

बाबांनी जीप बाजूला घेऊन बंद केली. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं आणि विचारलं, “हॉर्न मारला होता काय त्यानं?”

मी म्हटलं, हो. किती वेळापासून, म्हणाले. मी म्हटलं, बराच वेळ.

मग मला एकदम सगळं कळलं. ते हट्ट करत नव्हते. ते ‘ऊंऽऽ’ त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं. मोबाइलवरचंही नाही, पेचकसातूनही नाही. त्यांनी गिअरबॉक्स म्हटलं ते अंदाजानं, कारण सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि काहीतरी म्हणणं भाग होतं. वर्कशॉपच्या दणदणाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे कान, बारीक आवाज तिथून केव्हाच निघून गेले होते. मी त्यांच्यावर चिडून न बोलता जेवले होते आणि त्यांना वाटलं असणार, आज घर नेहमीसारखंच शांत आहे. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

बाबा खाली उतरले. बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आले, दार उघडलं आणि म्हणाले, “सरक तिकडं.”

मी सरकले. ते डावीकडं बसले. मी जीप चालू केली, आम्ही नाला ओलांडला, आमराईत गेलो, झाडांना पाणी झालं, डबा खाल्ला. त्यांनी मला आवाजाबद्दल एकदाच विचारलं, परतताना. मागून खरंच काही येत नाही ना? मी नाही म्हटलं. पक्कं? पक्कं. तेव्हा ते म्हणाले, “मंग गाडीचं झालं. आता माह्या कानाचं पाहू. तुह्या मायले मी सांगतो, तू नको सांगू.”

घरी आल्यावर ते सरळ स्वयंपाकघरात गेले. आई कणीक मळत होती. मी दारात उभी राहिले, कारण मला वाटलं सांभाळावं लागेल. बाबांनी घसा साफ केला आणि रेल्वेत साहेबापुढं चूक कबूल करतात तसं, एका दमात सांगितलं, की मला बारीक आवाज येत नाहीत, किती दिवसांपासून ते मला नक्की माहीत नाही, आजपासून जीप पोरगी चालवेल, मी शेजारी बसेन.

आईनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, मले माहीत आहे. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मी सांगितलं नव्हतं.

“मले माहीत आहे,” आई कणकेकडं बघत पुन्हा म्हणाली. “म्हणून तं विका म्हणून राहिली होती.”

बाबा पुढं सरकून तिच्या अगदी समोर आले. “माहीत होतं, मंग मले बोलली काहून नाही?”

आईनं कणकेचे हात झटकले, मान वर केली, आणि पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं नीट बघत, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

“बोलली. रोज बोलली. तुम्हाले ऐकू नाही आलं.”